माहिती किती टाकावी आणि गप्पा किती माराव्या? संत्रा रोपवाटिकावाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही समजावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. शेंदुरजना घाटजवळ तुमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. आठ महिन्यांपासून तुम्ही फेसबुक पेजवर आणि व्हॉट्सॲपवर दिवसाआड माहिती टाकता. खुंट (कलमाचा खालचा, मुळाचा भाग) जंभेरीचा घ्यावा की रंगपूर लिंबाचा, खड्डा किती घ्यावा, बुंध्याला लावायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम कसं करावं, असं सगळं. भाच्याकडून डिझाइनही करून घेता. तरी ‘छान माहिती’ आणि दोन जोडलेले हात, याच्या पलीकडं काही येत नाही. तुमच्याच भागातला दुसरा रोपवाटिकावाला मात्र बैलजोडी, सकाळचा चहा, गावातली पंगत असलं टाकतो आणि त्याच्याकडं गाड्या भरतात. आता कोणी तुम्हाला ८० टक्के माहिती आणि २० टक्के गप्पा सांगितलं, कोणी ५०-५०. तुम्ही विचारता, नेमकं प्रमाण किती ठेवू?

मी आर्वी तालुक्यात १७ वर्षांपासून कृषी केंद्र चालवतो. मार्केटिंगचा कोर्स केलेला नाही. पण आज माझे व्हॉट्सॲपवर सहा ग्रुप आहेत, एक फेसबुक पेज आहे आणि माझा निम्म्याच्या वर धंदा तिथल्या ओळखीतून येतो. वाटेत चुकाही बऱ्याच केल्या, त्या पुढं येतीलच.

टक्केवारीनं तुमचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. तुमच्या पोस्ट मी पाहिल्या. माहिती बरोबर आहे, एकाही ठिकाणी खोट काढता येणार नाही. पण ती कोणाला उद्देशून आहे हे कळत नाही. ‘शेतकरी बंधूंनो’ अशी सुरुवात केली की वाचणाऱ्याला वाटतं, हे दुसऱ्या कोणाला तरी चाललंय. आणि त्या दुसऱ्या रोपवाटिकावाल्याच्या बैलांवर जाऊ नका. बैल पाहून कोणी कलमा घेत नाही. त्या फोटोंतून लोकांना एवढं दिसतं की हा माणूस रोज सकाळी रोपवाटिकेत असतो, फोन उचलतो आणि गेलो तर चहा पाजेल. तुमच्या पोस्टवरून तुम्ही दिसायला कसे आहात हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

आता तुमच्या मालाचा विचार करा. माझ्याकडं एक गिऱ्हाईक हंगामात दहा वेळा येतं. बियाणं चुकलं तर पंधरा दिवसांत कळतं, औषध चुकलं तर चार दिवसांत. तुमच्याकडून कलम नेणारा माणूस ६ बाय ६ मीटरवर लावतो आणि पहिलं फळ पाहायला त्याला पाच-एक वर्षं थांबावं लागतं. खुंट खरंच जंभेरीचा आहे का, खुंटावर बांधलेला डोळा (संत्र्याच्या फांदीवरचा कोंब) कोणत्या मूळ झाडाचा, म्हणजे मातृवृक्षाचा घेतला, हे एक वर्षाच्या कलमाकडं पाहून जाणत्यालाही नक्की सांगता येत नाही. म्हणजे तो तुमच्याकडून कलम कमी आणि तुमचा शब्द जास्त विकत घेतो. असा माल माहितीच्या पोस्टरवर विकला जात नाही. खड्ड्याचं माप कोणीही सांगेल, कृषी सहायक सांगेल, यूट्यूब सांगेल. ‘या माणसाकडून घ्यावं का’ याचं उत्तर त्या पोस्टरमध्ये नसतं.

म्हणून माझी रीत तुम्हाला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भाजीपाल्याची रोपं विकणाऱ्याचं वेगळं, गावातल्या बचत गटाच्या पापडांचं वेगळं. तुमचा स्वभावही पाहावा लागेल. मुळात कमी बोलणाऱ्या माणसानं मोबाईलवर लाडीगोडी लावली तर ती लगेच उघडी पडते.

मला हे कसं कळलं ते सांगतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्षभरात आमच्याकडं ज्याच्या हाती पाहा त्याच्या हाती नेट आलं. मी हुरळून ग्रुप काढले आणि कंपन्यांकडून येणाऱ्या पीडीएफ त्यात ढकलायला लागलो. सोयाबीनचं पूर्ण वेळापत्रक, कपाशीचं खत व्यवस्थापन, पानंच्या पानं. सगळी उपयोगी माहिती. वर्षभर कोणी हूं की चूं केलं नाही. मग एक दिवस काउंटरवर एक म्हातारे काका आले, चष्मा काढून मला म्हणाले, “तुह्या दुकानात आलो तं तू इचारतं, पाणी पडलं काय तिकडं, बैल कसा हाय. मंग मोबाईलवर काऊन भाषण देतं गा?”

काकांनी एका वाक्यात माझा सगळा घोळ सांगून टाकला. काउंटरवर आपण कसं बोलतो ते आठवा. माणूस येतो, टेकतो. पाण्याचं बोलणं होतं, पोरीच्या लग्नाचं होतं. मग तो खिशातून कागदात गुंडाळलेलं पान काढतो. आपण पान उलटसुलट पाहतो, ‘कोणत्या धुऱ्याकडचं आहे, खाली पाणी साचते काय’ असं विचारतो आणि मग औषध सांगतो. यात गप्पा कुठं संपल्या आणि माहिती कुठं सुरू झाली? ‘खाली पाणी साचते काय’ या गप्पाच आहेत, अन् त्याच्याशिवाय दिलेली माहिती चुकीची ठरू शकते. इतकी वर्षं काउंटरवर जे आपोआप येत होतं, ते हाती मोबाईल आल्यावर मी विसरून गेलो होतो.

त्या दिवसापासून मी एक नियम केला: कोणी विचारलं नाही ते टाकायचं नाही. काउंटरवर शंभर पानी वही ठेवली. दुकानात, फोनवर, लग्नात, जिथं कोणी जे विचारेल ते त्यात लिहायचं. गाव, पीक, तारीख. संध्याकाळी त्यातला एकच प्रश्न घ्यायचा आणि त्या माणसाशी बोलतोय तसंच उत्तर द्यायचं. ‘आज खरांगण्याकडच्या एका भाऊनं विचारलं की…’ एवढ्यानंच सुरुवात. फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. तिकडचे इतर लोक जागे झाले: “आमच्याकडंही हेच हाय.”

यातला सर्वात चांगला अनुभव पेरणीचा. जूनमध्ये प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो: एक पाणी पडलं, पेरू काय? पूर्वी मी टाकायचो, ‘७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये.’ बरोबर आहे, पण माणसाला आपल्या वावरात किती पडला हेच माहीत नसते. मग एका वर्षी मी नुसतं विचारलं: तुमच्या गावी काल किती पडला ते गावाच्या नावासह लिहा. कोणी सपाट बुडाचं डबडं बाहेर ठेवून पट्टीनं मोजलं, कोणी ‘ढेकूळ भिजलं पण खाली कोरडंच हाय’ असं लिहिलं. तासाभरात चाळीसेक गावांची यादी झाली. नदीच्या अलीकडं दणकून पडलेला, पलीकडं शिंतोडे. त्या यादीवर लोकांनी पेरायचं की थांबायचं ते ठरवलं. त्या हंगामातली सर्वात उपयोगी पोस्ट तीच, आणि तिच्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. आता दर जूनमध्ये लोक माझी वाट न पाहता स्वतःच लिहायला लागतात.

ही पोस्ट तुम्ही माहितीच्या ८० मध्ये धराल की गप्पांच्या २० मध्ये? म्हणून म्हणतो, टक्क्यांचा नाद सोडा.

यंत्राच्या बाजूनंही तेच आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी तुम्ही वापरता असं लिहिलंय. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण मेसेज फक्त त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे. तुमच्याकडं त्याचा नंबर असून उपयोग नाही. हजार लोकांना पाठवलं म्हणता, त्यातले किती जणांनी तुमचं नाव साठवलंय? ज्याच्याशी कधी बोलणं झालं नाही तो कशाला साठवेल? फेसबुकचंही तसंच. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनीच जाहीर केलं होतं की धंद्याच्या पेजपेक्षा घरचे, मित्र आणि ज्यावर लोक आपसात बोलतात अशा पोस्ट वर दाखवू. ‘छान माहिती’वर कोणी कोणाशी बोलत नाही. आणि कुठून तरी आलेलं पुढं ढकललं की त्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का बसतो. तो शिक्का आमच्या ग्रुपमध्ये आता शिळ्या भाजीसारखा ओळखला जातो, उघडूनही पाहत नाहीत.

आता खासगी बोलण्याकडं येतो, कारण तुमचा खरा घोळ तिथं आहे. तुम्ही लिहिलंय, ‘मला घरचे फोटो टाकायला आवडत नाही.’ टाकू नकाच. खासगीत मी दोन भाग करतो: कामातलं आणि घरातलं. कामातलं भरपूर दाखवावं, घरातलं क्वचित.

तुमच्या धंद्यात कामातलं किती आहे पाहा! हिवाळ्यात डोळे बांधायचं काम चालतं, तो बांधणारा हात. पट्टी कशी फिरवतो, डोळा किती उंचीवर धरतो. जमिनीपासून पाऊण-एक फूट उंच डोळा हवा, म्हणजे लावणीनंतर सांधा मातीत जात नाही आणि बुडाचं डिंक्याचं दुखणं (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) टळायला मदत होते. हे तुम्ही पोस्टरवर लिहिलंय, दोन जोडलेले हात मिळाले. तेच तुमच्या माणसाच्या हाताशेजारी मोजपट्टी धरून दाखवा आणि म्हणा, ‘हा आमचा बांधणारा, बारा वर्षांपासून आमच्याकडं, हा नऊ इंचाखाली डोळा बांधतच नाही, मी सांगितलं तरी ऐकत नाही.’ माहिती तीच. पण पाहणाऱ्याला आता माणूस दिसला, त्याचा हट्ट दिसला. डोळाकाडी ज्या झाडांवरून घेता त्या झाडांपाशी उभे राहून बोला. रोपवाटिकेचा परवाना दुकानातल्या भिंतीवर असतो तसा एकदा दाखवा आणि विषय संपवा, रोज रोज नको.

वाईटही दाखवा. हे पचायला जड जातं, मला माहीत आहे. एका वर्षी माझ्याकडं आलेल्या सोयाबीनच्या एका लॉटची मी गोणपाटावर उगवण पाहिली. १०० दाणे ठेवले, ५८ उगवले. किमान ७० हवेत. मी त्या गोणपाटाचा फोटो टाकला आणि लिहिलं की हा लॉट परत पाठवतोय, तीन-चार दिवस बियाणं मिळणार नाही. घरून ओरडा खाल्ला, कारण ऐन हंगामातले दिवस होते आणि लोक दुसऱ्या दुकानात गेले. गेले ते गेलेच, त्या वर्षी परत आले नाहीत. पण पुढच्या मे महिन्यात लोक घरचं बियाणं डबीत घालून माझ्याकडं आणायला लागले: “भाऊ, याचं बी तसंच पाहून दे.” तुमच्याकडं एखाद्या वाफ्यात मर लागली आणि तुम्ही तो वाफा उपटून फेकला, तर ते दाखवा. किती कलमा गेल्या तेही सांगा.

घरातलं म्हणाल तर पोळा चालतो. पोळ्याला बैल सजवले, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन दारात आली, हे आपल्या सगळ्यांच्याच घरातलं आहे. त्यापुढं मी जात नाही. एकदा मी पोरीच्या वाढदिवसाचा फोटो ग्रुपवर टाकला होता. तेव्हा ती सातवीत. तिनं संध्याकाळी विचारलं, “बाबा, माझा फोटो तुमच्या फवाऱ्याच्या औषधावाल्या ग्रुपवर कायले टाकला?” उत्तर नव्हतं माझ्याकडं. त्या फोटोला दीडशे शुभेच्छा आल्या होत्या, हे तिला सांगून काय उपयोग?

राजकारण तर बिलकुल नको. ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी मी एका पॅनलचं अभिनंदन केलं. साधं, ओळखीतलं. दुसऱ्या पॅनलचे तीस-बत्तीस लोक एका रात्रीत ग्रुपमधून निघाले आणि खातंही घेऊन गेले. काहींची उधारी होती, तीही अडकली, ते वेगळंच.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे जी शहरातल्या मार्केटिंगवाल्यांना समजणार नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. बाहेरचे लोक सांगतात, गिऱ्हाईकाला नाव घेऊन उत्तर द्या, आपुलकी वाटते. मी तसं केलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या हंगामात एका गड्यानं मला डोमकळ्यांचे, म्हणजे अळी लागून न उमललेल्या फुलांचे फोटो पाठवले. मी ते त्याच्या नावानिशी ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, ‘यांनी वेळेत पाहिलं नाही, तुम्ही कामगंध सापळे (वासानं पतंग ओढून पकडणारे) लावा.’ सल्ला योग्यच. पण त्या पोराच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि तिकडच्या पाहुण्यापर्यंत ते पोचलं की यांचं पीक गेलं. तो माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. आता मी फोटो टाकण्याआधी विचारतो, नाव घेत नाही, गावाऐवजी ‘नदीकाठचं वावर’ म्हणतो आणि फोटोत मागं विहीर, गोठा, बोर्ड दिसत असेल तर कापतो. चांगल्या बातमीलाही विचारावं लागतं. ‘एकरी इतका माल निघाला’ असं टाकलं की दुसऱ्या दिवशी पैसे मागणारे त्याच्या दारात.

आणि ग्रुपवर कोणाच्या जाण्याची बातमी आली की त्या दिवशी विक्रीचा शब्द नको. माझ्याकडं मुलगा सकाळीच मेसेज ठरवून टाकायचा. एकदा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या रांगेत मधोमध आमची ठिबकावरची सूट जाऊन पडली. गेलेला माणूस कर्जात होता, त्यानं स्वतः जीव दिला होता. मी त्या घरी जाऊन माफी मागून आलो. आपल्या भागात हे लक्षात ठेवावंच लागतं.

सल्ल्याबद्दलही सावध राहा, कारण संवाद वाढला की लोक तुमच्याकडं डॉक्टर म्हणून पाहायला लागतात. संत्र्याची पानं पिवळी पडली असा एक फोटो येईल. ती जस्ताची कमतरता असू शकते, पाणी साचलेलं असू शकतं, मुळं सडत असू शकतात. एका पानावरून सांगू नका. मी तीन फोटो मागतो: पूर्ण झाड, पान जवळून आणि बुंधा मातीजवळचा. मग चार प्रश्न विचारतो. तरी खात्री नसेल तर सरळ लिहितो, ‘इथून सांगता येत नाही, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.’ तुम्हाला तर नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था जवळ आहे. असं सांगितल्यानं किंमत कमी होईल असं वाटतं, पण माझ्याबाबत तसं झालं नाही.

औषधाचं प्रमाण तर उघड ग्रुपवर मी आता टाकतच नाही. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-मजूर गेले, हे तुम्हाला आठवत असेल. तोवर माझ्या पोस्टमध्ये औषधाचं नाव आणि मिली एवढंच असायचं. वाचणारा दोन औषधं एकत्र करतो का, कपाशी डोक्याच्या वर गेली आहे का, फवारणारा मजूर उपाशीपोटी आहे का, हे त्या पोस्टला माहीत नव्हतं. आता प्रमाण एकट्याला, आधी विचारून, लेबल पाहून सांगतो. माहिती आणि बोलणं वेगळं काढता येत नाही असं मी म्हणतो, त्यातला हा भाग जिवावरचा आहे. बोर्डो मलमाचं १:१:१० (मोरचूद, चुना, पाणी) खुशाल टाका, पण चुना कोणता, मलम किती ताजं वापरायचं, याचे प्रश्न येतील त्यांना उत्तर द्यायला बसा.

वेळेचं म्हणाल तर मी रोज पाऊण तास देतो, रात्री जेवणानंतर. पोस्ट टाकायला पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ उत्तरांना. तुम्ही बहुधा उलट करत असाल, डिझाइनला तास आणि उत्तराला हात जोडलेले. लिहून उत्तर देण्यापेक्षा बोलून पाठवा. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाचायचा कंटाळा असतो, काहींना अक्षर दिसत नाही, आणि आवाजात माणूस कळतो. आपल्याच बोलीत बोला. ‘आपणास कळविण्यात आनंद होतो की’ असलं वऱ्हाडात कोण बोलतं? शेतीची लाईन रात्रीची असली की अकरा-बारा वाजता मोटरीपाशी बसलेला माणूस तुम्हाला प्रश्न विचारतो. लगेच उत्तर द्यायची गरज नाही, पण सकाळी सहाच्या आत दिलं तर त्याला बरं वाटतं. पत्ता, भाव, सुट्टीचा दिवस यांची तयार उत्तरं व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये भरून ठेवा. एवढ्यालाच यंत्र, बाकी तुम्ही.

भाव मात्र लपवू नका. ‘भावासाठी फोन करा’ हे वाक्य मी तुमच्या सात पोस्टवर वाचलं. शेतकऱ्याला त्यात वास येतो की माणूस पाहून भाव सांगतील. एकदा बोला: कलम इतक्याचं, इतक्याच्या वर घेतलं तर इतकं, गाडीभाडं वेगळं.

आता तुमचं वर्ष कसं दिसेल ते पाहू. एप्रिल ते जून लोक बागेचं ठरवत असतात, तेव्हा माहिती जास्त लागते: जमीन कशी हवी, चुनखडीच्या जमिनीत काय होतं, पाण्याची सोय किती. पण तीही कोणी विचारलेल्या प्रश्नातून. पाऊस लागला की लावणी. तेव्हा पोस्ट जवळजवळ बंद ठेवा आणि एकेकाशी बोला. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची) फळगळ सुरू झाली की लोक हैराण असतात, त्या दिवसांत कलमांची जाहिरात केली तर शिव्या खाल. फक्त ऐका, विचारा, कोणाकडं किती गळ आहे. दिवाळीच्या आगेमागे माल तुटतो, व्यापारी दारात असतात, कोणाला तुमची पोस्ट वाचायला वेळ नसतो. हिवाळ्यात तुमचं डोळे बांधणं आणि त्यांचं बागेला ताण देणं (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) एकाच सुमारास चालतं. तो तुमचा बोलायचा हंगाम. मला स्वतःला वर्षातला तोच काळ सर्वात आवडतो, लोक जरा निवांत असतात.

लाइक मोजणं सोडा. माझ्या वहीच्या मागच्या पानावर तीनच गोष्टी असतात: या आठवड्यात नवीन किती जणांनी प्रश्न विचारला, एकदा विचारलेल्यांपैकी किती जण परत आले, आणि दुकानात आलेल्या नव्या माणसाला ‘कोणी सांगितलं?’ विचारल्यावर त्यानं कोणाचं नाव घेतलं. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा येणारी सहा-सात नावं आहेत. पोळ्याला मी त्यांच्या घरी जातो.

तुमच्याकडं मात्र एक गोष्ट आहे जी माझ्याकडं नाही, आणि आठ महिन्यांत तिच्यावर तुमची एकही पोस्ट नाही: जुनी बिलबुकं. तीन वर्षांपूर्वी, पाच वर्षांपूर्वी कलमा नेलेले लोक. त्यांतली वीस नावं काढा आणि फोन लावा. काही विकायचं नाही, फक्त ‘आपल्याकडची झाडं कशी हायेत जी?’ पहिल्या चार-पाच फोनांत तक्रार निघेल, तयारी ठेवा. कोणाच्या दहा मेल्या असतील, कोणाला भलताच खुंट निघाल्याचा संशय असेल. ऐकून घ्या, जाऊन पाहा, तुमची चूक असेल तर पावसाळ्यात बदलून द्या. जिथं बाग चांगली आहे तिथं मालकाला विचारून झाडाशेजारी उभे राहा आणि त्यालाच बोलू द्या: कधी लावली, किती जगल्या, काय त्रास झाला. आपण मधे बोलायचं नाही. पाच वर्षांचं फळावर आलेलं झाड आणि त्याचा मालक, याच्यापुढं तुमच्या भाच्याची सगळी डिझाइनं फिकी आहेत.

भाच्याला वाईट वाटू देऊ नका, पोरगं मेहनती दिसतं. फक्त त्याला एवढं सांगा: एप्रिलनंतरच्या सगळ्या डिझाइनवर खाली तुमचा जो नंबर छापलाय, त्यात नऊच आकडे आहेत. मी लावून पाहिला.